बाहेरचा दर

आमच्या घरात पूर्वी भांडणं भाजीतल्या तिखटावरून व्हायची, मग टीव्हीच्या रिमोटवरून व्हायला लागली. गेल्या दिवाळीपासून ती विजेच्या युनिटवरून होतात. विश्वजीतनं, म्हणजे माझ्या मुलानं, इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि तात्यासाहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दुसरा विषयच उरला नाही. घरी चार्ज केली तर युनिटला दहाएक रुपये. बाहेरच्या फास्ट चार्जरवर चोवीस, आणि वर टॅक्स. सकाळी चहाबरोबर हेच आणि संध्याकाळी ताटावर हेच. "लूट हाय लूट," असं म्हणून ते भाकरी अशी मोडत की जणू तिनंच दर वाढवलाय.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्ही राहतो मुकुंदवाडीत आणि विश्वजीतचा कारखाना वाळूजला. हे शहराचं एक टोक, ते दुसरं. पेट्रोल परवडेना म्हणून त्यानं हप्त्यावर ही गाडी घेतली. बरोबर तिघांना नेतो आणि ते वाटणी देतात. पण सगळं गणित घरच्या चार्जिंगवर बसवलेलं होतं. बाहेरच चार्ज करत राहिलं तर हप्ता अंगावर येत होता. "आई, या महिन्यात घरचं सुरू झालं नाय तर गाडी इकतो आन् कंपनीच्या बसनं जातो," असं तो एकदा म्हणाला. तो चिडून म्हणाला असता तर मला काही वाटलं नसतं. तो अगदी शांतपणे म्हणाला.

घरी चार्जर बसवलेला होता. भिंतीवर पांढरी पेटी आली, चांगली दिसतही होती, पण तिच्यावर लाल दिवा लागला तो लागलाच. आमच्या गल्लीतला जुना वायरमन फारूखभाई, त्याला बोलावलं. त्यानं पेटी उघडली, दोन वायरी चाचपल्या आणि म्हणाला, "काकू, घर में अर्थिंच नही है."

मला "अर्थी" ऐकू आलं. हिंदीत तिरडीला अर्थी म्हणतात. मी म्हटलं, "नसंना का. घरात कशाला पायजे ती?"

फारूखभाई हसून हसून स्टुलावरून पडायचा राहिला. मग त्यानं समजावून सांगितलं. अर्थिंग म्हणजे घरातली वीज जमिनीशी बांधून ठेवायची. कुठं काही बिघडलं तर वीज माणसाच्या अंगात न जाता मातीत जाते. ती पेटी शहाणी असते; मातीशी नातं असल्याशिवाय गाडीला वीज सोडत नाही. त्यासाठी खोल खड्डा खणायचा, लोखंडी दांडा उभा करायचा, भोवती खडं मीठ आणि कोळसा भरायचा आणि वरून पाणी घालत राहायचं. मी ऐकत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता. तो काटा कशाचा होता ते तिथं एकट्या मलाच ठाऊक होतं. किमान तेव्हा मला तसं वाटत होतं.

आमचं घर गुंठेवारीतलं, पत्र्याच्या दोन खोल्यांचं वाढत वाढत दुमजली झालेलं. अंगणात सगळीकडं फरशी. एका बाजूला पाण्याचा हौद, दुसऱ्या बाजूला संडासाची टाकी. फारूखभाईनं गेटजवळची फरशी फोडून पाहिली तर हातभर खाली काळा खडक लागला आणि दांडा वाकला. मग त्याची नजर फिरत फिरत कंपाउंडच्या भिंतीच्या कोपऱ्यावर गेली. तिथं दोन हात माती मी कधी झाकू दिली नव्हती. "वो कोना है ना!" असं म्हणून तो उठला.

"त्या कोपऱ्याला हात लावायचा नाय," मी म्हटलं.

त्या कोपऱ्यात माझी मुलगी आहे. विश्वजीतच्या आधीची. ती बारशापर्यंतही राहिली नाही, त्यामुळे तिला नाव नाही. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि मातीला बायका जात नाहीत. बाळंतीण तर उंबरासुद्धा ओलांडत नाही. तेव्हा इथं आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं नुसता मोकळा प्लॉट होता, भोवती ज्वारीची रानं. तात्यासाहेब आणि शेजारचा कडुबा तिला जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून घेऊन गेले. मी तापानं फणफणलेली होते. परत आल्यावर मी विचारलं, कुठं ठेवलं तिला? तात्यासाहेबांनी दारातून हात करून हा कोपरा दाखवला. त्यानंतर आमच्या घरात तिचा विषय कधी निघाला नाही. त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

पण बोलले नाही म्हणून ती गेली असं थोडंच होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. ती जगली असती तर ज्या वर्षी पहिलीत आली असती, त्या वर्षी माझ्या वर्गातली मुलं मोजताना दर वेळी एक डोकं जास्त भरायचं. मी पुन्हा मोजायचे, मग बरोबर यायची. दुसऱ्या वर्षी ते जास्तीचं डोकं दुसरीत गेलं. हेडमास्तर म्हणायचे, बाई, चष्मा बदला. चष्म्याचा काय दोष? आता बँकेत, भाजीबाजारात, दवाखान्यात चाळिशीला टेकलेली एखादी बाई दिसली की मी तिच्याकडं टक लावून बघते. काही जणी ओळखीचं हसतात. काही जणी पर्स घट्ट धरतात.

रोज सकाळी एक तांब्या पाणी त्या कोपऱ्याला. नळाला आठवड्यानं पाणी येतं तेव्हासुद्धा तिचा तांब्या मी कधी चुकवला नाही. पाणी घालताना मी बोलते. महागाई, सुनेचं माहेर, तात्यासाहेबांचा हेकटपणा, काहीही. आणि खरं सांगते, तिकडून उत्तर येतं. शब्दांत नाही. कुणीतरी ऐकतंय हे आपल्याला पाठीलासुद्धा कळतं, तसं. मला त्याची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती एवढीच, की एक दिवस ऐकणं बंद होईल.

विश्वजीतला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या लेखी तो "आईचा कोपरा" होता, म्हाताऱ्या माणसाचा एक छंद. मी नाही म्हटल्यावर तो रोज बाहेरच्या चार्जरवर जात राहिला. पण तात्यासाहेब! त्यांनी पिच्छाच पुरवला. "कोपरा दे. पोराच्या जिवाला घोर लागलाय. दोन हात मातीसाठी काय धरून बसलीस?" दोन हात माती! ज्या माणसानं स्वतःच्या हातानं लेक तिथं ठेवली त्यानं हे म्हणावं? मला वाटलं, हा विसरला. पुरुषाला विसरता येतं, त्याच्या अंगातून दूध फुटत नाही. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट आपटून वाढायचे तेवढंच.

त्याच दिवसांत एकदा विश्वजीत मला बाहेरच्या चार्जरवर घेऊन गेला होता. आमच्या मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडं, नाला ओलांडला की एक मोठं हॉटेल झालंय. त्याच्या मागं पत्र्याची शेड आहे आणि तिच्याखाली चार मशिनं उभी आहेत. वायर लावली की पाऊणएक तास बसायचं. तात्यासाहेबही गाडीत होते, पण नाल्याच्या पुलाशीच "मी पायी जातो घरी" म्हणून उतरले. गुडघे दुखतात म्हणून दुकानापर्यंत न जाणारा माणूस! मला वाटलं, चोवीस रुपये युनिट डोळ्यांनी बघवत नसेल. मी आणि विश्वजीत तिथं कठड्यावर बसलो. बाजूला रसवंती होती. मी उसाचा रस प्यायले, आणखी अर्धा मागून घेतला, आणि त्यांच्या कंजूषपणावर पोटभर बोलले.

नंतरच्या शुक्रवारी मी पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. एप्रिलचं ऊन, रिक्षातून उतरले तेव्हा डोळ्यापुढं अंधारी आली. गेट उघडलं आणि थांबलेच. कोपऱ्याच्या मातीत लोखंडी दांडा ठोकलेला होता. त्याला वायर बांधलेली, दुसरी वायर घरातल्या प्लगातून आलेली, आणि दोन्हींच्या टोकाला फरशीवर एक साधा पिवळा बल्ब पेटलेला. भर दुपारी.

"देखो काकू!" फारूखभाई खूश होता. "गेटपाशी लावला, हौदापाशी लावला, कुठंच पेटला नाय. इथं दांडा ठोकला की फकदिशी लागला. ये मिट्टी जिंदा है."

माझ्या हातातली पिशवी कधी पडली ते मला कळलं नाही. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण समोरच्या माडीवरच्या लीलाबाई बाहेर आल्या इतकं आठवतं. "कोणाला विचारून ठोकलं हे?"

"मी सांगितलं," तात्यासाहेब पायरीवरून म्हणाले.

फारूखभाई समजूतदार माणूस. नवरा-बायकोत काहीतरी बिनसलंय हे त्यानं ओळखलं. "जुम्मा आहे, मी नमाज करून येतो," तो चपला घालत म्हणाला. "वायरीला हात लावू नका कोणी. आणि साहेब, तोवर दहा किलो खडं मीठ आणून ठेवा." तो गेला आणि घाईत बल्ब तसाच पेटता राहिला.

मीठ! मुलगी गेली त्या संध्याकाळीही तात्यासाहेब दुकानातून खड्या मिठाची पुडकी घेऊन आले होते. लहान जीव मातीत ठेवताना बरोबर मीठ घालतात. मी अंथरुणातून पाहिलं होतं.

"आणा की मीठ," मी म्हटलं. "तुमच्या हाताला सवय हाय."

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि बरं वाटलं. तात्यासाहेब उठायला गेले आणि परत खाली बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"ती तिथं नाय," ते म्हणाले.

"काय नाय तिथं?"

"पोरगी. तिथं पुरलीच नाय मी."

गल्लीत भंगारवाला ओरडत चालला होता. तो लांब गेला. मग तात्यासाहेबच बोलायला लागले, खाली मान घालून, शाळेत पाठ म्हणून दाखवतात तसं.

"खड्डा निम्मा झाला व्हता. तेवढ्यात कडुबा म्हणला, आईच्या डोळ्यापुढं नको. उद्या उकरून बघंल, येडी हुईल. मलाबी पटलं. मग हितला खड्डा बुजवला आन् नाल्याच्या पल्याड नेली. तिथं बाभळीत समदेच न्यायचे लेकरं."

"मग मला हितं का सांगितलं?"

"तू तापात एकच म्हणत व्हतीस. लांब एकटी ठिवू नका, थंडी हाय. लांब एकटी ठिवू नका." त्यांनी तळव्यानं तोंड पुसलं. "काय सांगायचं व्हतं मी? हात केला कोपऱ्याकडं. म्हणलं, बरी झाली की सांगू. तू बरी झालीस आन् पहिल्या दिशी तांब्या घेऊन तिथं गेलीस. मग माझी जीभच उचलंना. आज सांगू, उद्या सांगू. अडतीस वर्सं झाली."

मला राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. मी कोपऱ्याकडं पाहिलं. मग इतकी वर्षं मी कोणाशी बोलत होते? पाठीला जे कळायचं ते कोणाचं होतं? त्या मातीत कोणी नव्हतं. कधीच नव्हतं. आणि समोर भर उन्हात तो बल्ब लागलेलाच होता, जरासुद्धा न फडफडता. मला अशी भीती उभ्या जन्मात वाटली नव्हती. मूल त्या मातीत आहे असं समजून मी एकदाही भ्याले नाही. ते तिथं नाही म्हटल्यावर त्या कोपऱ्याकडं बघवेना.

"नाल्याच्या पल्याड म्हंजी कुठं?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. "आपला विश्वजीत चार्जिंगला गाडी लावतो ना. तिथं."

मी खाली बसले. मशिनं उभी आहेत तिथं. शेडच्या खाली. जिथं मी कठड्यावर पाय हलवत बसले होते आणि उसाचा रस प्यायले होते, अर्धा जास्तीचा. ती जर कुठं ऐकत असेल तर त्या दिवशी तिनं माझ्या तोंडून काय ऐकलं? बापाची निंदा. आणि माझ्या पायाखाली ती आहे हे मला कळलंसुद्धा नाही. एवढी मी आई.

आणि तेव्हाच मला तात्यासाहेबांची सगळी आरडाओरड उलगडली. चोवीस रुपये आणि वर टॅक्स. लूट हाय लूट. घरी चार्ज कर, घरी चार्ज कर. पैशाचं काहीच नव्हतं. पोरगा रोज संध्याकाळी जाऊन बहिणीवर गाडी उभी करत होता, ते त्यांना सहन होत नव्हतं. सांगता तर येत नव्हतं, म्हणून ते दर सांगत होते. मी त्यांना कंजूष म्हणत होते.

दुसरं कुणी असतं तर त्यांना जवळ घेतलं असतं. माझा तसा स्वभाव नाही. मी आत गेले, पाण्याचा पेला आणला आणि त्यांच्या शेजारी पायरीवर ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. मग मी धरून पाजला.

फारूखभाई परत आला तेव्हा मी म्हटलं, "खणा. पायजे तेवढं खोल खणा." मीठ मीच आणलं. तो खणत होता आणि मी कडेला उभी होते. सावलीला बसा म्हणून त्यानं दोनदा सांगितलं, पण मी हलले नाही. शेवटच्या फावड्यापर्यंत मला वाटत होतं की माझा नवरा आत्ता खोटं बोलतोय, तेव्हाचंच खरं आहे. माती निघाली, विटेचा एक तुकडा निघाला, मुळ्या निघाल्या. बाकी काही निघालं नाही. मग दांडा बसला, मीठ-कोळसा पडला, आणि भिंतीवरच्या पेटीत हिरवा दिवा लागला.

संध्याकाळी विश्वजीतनं जिलबी आणली. कितीतरी दिवसांनी तो शीळ घालत होता. गाडी अंगणात उभी राहिली, वायर लागली, स्वस्तातली वीज भरायला लागली. तात्यासाहेब दराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. सकाळी मी सवयीनं तांब्या भरला आणि कोपऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. पाणी घातलं, कारण अर्थिंगला ते लागतं. बोलायला तोंड उघडलं तर शब्द आला नाही. पाठीला काहीच कळत नव्हतं. तिथं आता एक लोखंडी दांडा होता, बस्स.

रविवारी संध्याकाळी मी विश्वजीतला म्हटलं, "गाडी काढ. बाहेर चार्ज करून आणू."

"आई, परवाच तर घरचं सुरू झालं. बाहेर कशाला? दुपटीहून जास्त पडतंय."

"पडू दे. तात्या, तुम्हीबी चला."

गाडीत मी त्याला सगळं सांगितलं. तात्यासाहेब मागं बसले होते, ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. पुलाशी ते उतरतो म्हणाले नाहीत. विश्वजीतनं मध्ये एकदा गाडी कडेला घेतली, डोळे पुसले आणि पुन्हा चालवायला लागला. चाळिशीकडं झुकलेल्या मुलाला आज कळत होतं की तो धाकटा आहे.

हॉटेलच्या मागं पोचलो. तात्यासाहेब उतरले. माझ्या आधी उतरले. काठी टेकत शेडपर्यंत गेले, इकडं बघितलं, नाल्याकडं बघितलं, पुन्हा इकडं बघितलं आणि दुसऱ्या मशिनाशी थांबले. "दोन बाभळी व्हत्या. त्यांच्या मधी." तिथं कुणाची तरी पांढरी गाडी चार्जिंगला लागलेली होती. आत एसी चालू ठेवून एक बाई मुलीला भरवत होती. बाकीची तीन मशिनं मोकळी होती, आणि आम्ही मात्र कठड्यावर बसून राहिलो. तिथला पोरगा सांगायला आला, काका, इकडं लावा ना, मोकळं आहे. विश्वजीत म्हणाला, आम्हाला घाई नाय.

पांढरी गाडी गेली. विश्वजीत उठला, गाडीत बसला, पण ती सुरू करेना. मी खिडकीशी गेले. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"आई," तो म्हणाला, "तिच्यावर गाडी कशी उभी करू गं?"

"रोज कुणाची ना कुणाची असतीच की तिच्यावर," मी म्हटलं. "आठवड्यातून एक दिवस घरची असू दे."